सर्व्हरवरून स्विचवर लॉगिन होत नाही: वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

या अंकासाठी निवडलेल्या पाचही पत्रांतील तक्रार वरवर पाहता एकच आहे: सर्व्हरवरून स्विच किंवा राउटरवर एसएसएचने, म्हणजे गुप्तलेखनाच्या आधारे दूरच्या यंत्रावर शिरण्याच्या पद्धतीने, लॉगिन होत नाही. प्रत्यक्षात पाचही ठिकाणचा दोष वेगळा निघाला. लॉगिन ही एक क्रिया नसून टप्प्याटप्प्याने होणारे संभाषण आहे. आधी टीसीपीची, म्हणजे दोन यंत्रांमधील संदेशवहनाची, जोडणी होते, मग दोन्ही बाजू गुप्तलेखनाच्या पद्धती ठरवतात, मग स्विच आपली ओळख पटवतो आणि अखेरीस आपली ओळख तपासली जाते. संभाषण कोणत्या टप्प्यावर तुटले हे कळले की निम्मे काम झाले, आणि ते बहुतेक वेळा पडद्यावर आलेल्या संदेशातच लिहिलेले असते. म्हणून पत्र पाठवताना तो संदेश शब्दशः उतरवून पाठवावा, ही सर्वांना विनंती.

प्रश्न: आमच्या पतसंस्थेच्या मुख्य कार्यालयात सेंटओएस ७ वर चालणारा सर्व्हर होता. त्याची मुदत संपल्यामुळे उबंटू २२.०४ असलेला नवा सर्व्हर नव्या आयपी पत्त्यासह बसवला. जुन्या सर्व्हरवरून सर्व स्विचांवर लॉगिन होत असे, नव्यावरून मात्र निम्म्याच स्विचांवर होते. उरलेल्यांपैकी काही "कनेक्शन रिफ्यूज्ड" म्हणतात, तर काही "अनेबल टू निगोशिएट, नो मॅचिंग की एक्स्चेंज मेथड फाउंड" म्हणतात. पिंग सर्वांना व्यवस्थित होते आणि माझ्या लॅपटॉपवरील पुट्टी या एसएसएच प्रोग्रॅममधून त्याच स्विचांवर लॉगिनही होते. दोष सर्व्हरचा मानावा की स्विचांचा? — एक वाचक, सांगली

उत्तर: आपल्याकडे दोन वेगळे दोष एकाच दिवशी समोर आले आहेत, आणि आपण दोन्ही संदेश नेमके लिहून पाठवल्यामुळेच ते वेगळे करता येतात. प्रथम पिंगविषयी. पिंग आयसीएमपीवर, म्हणजे नेटवर्कच्या सूचना-संदेशांच्या नियमावलीवर, चालते आणि एसएसएच टीसीपीच्या २२ क्रमांकाच्या पोर्टवर, त्यामुळे पिंग होते याचा अर्थ स्विच चालू आहे आणि तेथपर्यंत रस्ता आहे, इतकाच घ्यावा.

"कनेक्शन रिफ्यूज्ड" याचा अर्थ समोरून तत्काळ आणि स्पष्ट नकार आला. लॅपटॉपला प्रवेश आणि सर्व्हरला नकार अशी स्थिती असेल, तर पहिला संशय पत्त्यांच्या यादीवर घ्यावा. सिस्कोच्या आयओएस प्रणालीत दूरस्थ लॉगिनसाठी ज्या आभासी मार्गिका असतात, त्यांना व्हीटीवाय लाइन म्हणतात. या लाइनींवर "अ‍ॅक्सेस-क्लास" लावून कोणत्या आयपी पत्त्यांना प्रवेश द्यायचा हे ठरवता येते. त्या यादीत आपल्या जुन्या सर्व्हरचा पत्ता बहुधा असेल, नव्याचा घालायचा राहिला असेल. स्विचच्या चालू कॉन्फिगरेशनमध्ये व्हीटीवाय लाइनींखाली अ‍ॅक्सेस-क्लासपुढे लिहिलेला क्रमांक किंवा नाव पाहावे, ती यादी उघडावी आणि नवा पत्ता त्यात घालावा. व्यवस्थापनाची वाहतूक वेगळ्या व्हीआरएफमधून (एकाच उपकरणातील स्वतंत्र राउटिंग टेबल) येत असेल, तर अ‍ॅक्सेस-क्लासच्या ओळीत "व्हीआरएफ-ऑल्सो" हा शब्द आहे ना, हेही पाहावे. तो नसेल, तर यादीत पत्ता असूनही नकार मिळतो आणि माणूस यादीच पुन्हा पुन्हा तपासत बसतो.

याच ओघात आणखी दोन संदेशांचा अर्थ सांगून ठेवतो. "कनेक्शन टाइम्ड आउट" असेल, तर समोरून काहीच उत्तर आलेले नाही आणि वाटेतील एखादी फायरवॉल पॅकेट गुपचूप टाकून देत असण्याची शक्यता मोठी. "नो रूट टू होस्ट" वाचून अनेक जण राउटिंग टेबल उलटेपालटे करू लागतात, परंतु एखाद्या फायरवॉलने आयसीएमपीद्वारे मनाई कळवली तरी लिनक्स हेच शब्द दाखवतो. पिंग होत असताना हा संदेश आला, तर आधी फायरवॉल पाहावी.

आता दुसरा दोष, जो अधिक महत्त्वाचा आहे. "अनेबल टू निगोशिएट" याचा अर्थ जोडणी झाली, परंतु दोन्ही बाजूंना मान्य अशी एकही पद्धत सापडली नाही. येथे पासवर्डाचा प्रश्नच आलेला नाही, कारण संभाषण पासवर्डापर्यंत पोहोचलेलेच नाही. त्या संदेशाच्या अखेरीस "देअर ऑफर" असे लिहून स्विचला येणाऱ्या पद्धतींची नावे दिलेली असतात. तीच आपली खरी माहिती. जुन्या स्विचांवर तेथे बहुधा डिफी-हेलमन (सामायिक गुप्त की ठरवण्याची पद्धत) ग्रुप १ किंवा ग्रुप १४ आणि त्यापुढे शा-१ (जुनी हॅश पद्धत) असे दिसेल.

स्विच बदललेला नाही, बदलला आहे तो सर्व्हर. सर्व्हरवरील एसएसएच प्रोग्रॅम म्हणजे ओपनएसएसएच. ऑगस्ट २०१५ मध्ये आलेल्या त्याच्या ७.० आवृत्तीने १०२४ बिटांचा ग्रुप १ मुलभूत (डिफॉल्ट) यादीतून काढला. त्याच वर्षी लॉगजॅम या नावाने प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने इतका लहान गट मोठ्या साधनसामग्रीच्या आवाक्यात असल्याचे दाखवले होते. २०१७ मधील ७.६ ने ग्राहकाच्या बाजूने सीबीसी प्रकारचे सायफर, म्हणजे मजकूर गुप्त करण्याच्या पद्धती, मुलभूत यादीतून वगळले, फेब्रुवारी २०२० मधील ८.२ ने शा-१ वर आधारलेला ग्रुप १४ वगळला आणि सप्टेंबर २०२१ मधील ८.८ ने शा-१ वापरून आरएसए प्रकारच्या कीने केलेल्या सह्या नाकारण्यास सुरुवात केली. सेंटओएस ७ मध्ये ओपनएसएसएच ७.४ आहे आणि उबंटू २२.०४ मध्ये ८.९. आपण एका दिवसात सर्व्हर बदललात, पण त्या एका दिवसात एसएसएचची अनेक वर्षे ओलांडलीत. पुट्टी अशा वेळी पद्धत कमकुवत असल्याची सूचना दाखवून पुढे जायचे का असे विचारते. आपण तेव्हा "होय" म्हणत असाल, म्हणून लॅपटॉपवरून लॉगिन होते.

तात्पुरता उपाय असा. सर्व्हरवर आपल्या वापरकर्त्याच्या डॉट-एसएसएच फोल्डरातील कॉन्फिग फाइलमध्ये केवळ त्या जुन्या स्विचांच्या पत्त्यांसाठी "होस्ट" असा स्वतंत्र परिच्छेद करावा आणि त्यात "केईएक्स-अल्गोरिदम्स" या पर्यायापुढे अधिक चिन्ह देऊन स्विचला येणारी पद्धत लिहावी. अधिक चिन्ह विसरू नये, कारण ते नसेल तर आपण लिहिलेली एकच पद्धत शिल्लक राहते आणि बाकी सगळी यादी पुसली जाते. स्विच ग्रुप १४ देत असेल, तर ग्रुप १ कधीही उघडू नये.

येथे अनेक जण निराश होतात, कारण हा बदल करूनही लॉगिन होत नाही. संदेश नीट वाचला तर तो बदललेला दिसेल: आता "नो मॅचिंग होस्ट की टाइप फाउंड" आणि पुढे एसएसएच-आरएसए. ही प्रगती आहे. ओपनएसएसएच आधी कीची देवाणघेवाण, मग होस्ट कीचा (स्विचची ओळख पटवणाऱ्या कीचा) प्रकार, मग सायफर अशा क्रमाने जुळणी पाहते आणि पहिल्या अपयशावर थांबते. त्यामुळे "होस्टकी-अल्गोरिदम्स" आणि गरज पडल्यास "सायफर्स" या पर्यायांतही अधिक चिन्हासह एकेक भर घालावी लागेल. एसएसएच-आरएसए नाकारले जाते म्हणजे आरएसए की बाद झाली, असा समज मात्र करून घेऊ नये. की तीच राहते, नाकारली जाते ती शा-१ ने केलेली सही. तीच की शा-२ ने सही करू शकली, तर आजही पूर्णपणे मान्य आहे.

रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ९ किंवा त्याच्या कुटुंबातील प्रणाली घेणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावे की तेथे शा-१ च्या सह्या संपूर्ण प्रणालीच्या क्रिप्टो-पॉलिसीतच बंद आहेत. तेथे कॉन्फिग फाइलमधील बदल पुरत नाही आणि "एरर इन लिबक्रिप्टो" असा गोंधळात टाकणारा संदेश येतो. धोरण "लेगसी" केले की लॉगिन होते, परंतु त्यामुळे त्या सर्व्हरवरील इतर सेवांचेही दार सैल होते. आर्थिक व्यवहारांची नोंद ठेवणाऱ्या सर्व्हरवर हे करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. जुन्या स्विचांसाठी एक वेगळे लहान यंत्र ठेवून त्यावरच ही सूट द्यावी.

सूट ही सूटच राहावी. आपण त्या परिच्छेदात "होस्ट" पुढे तारांकन लिहिलेत, तर एका जुन्या स्विचसाठी सर्व्हरवरून निघणारे प्रत्येक एसएसएच संभाषण कमकुवत पद्धतीला राजी होईल. पतसंस्थेत तर हे मुळीच चालणार नाही. कायमचा उपाय स्विचच्या बाजूला आहे: उपलब्ध असल्यास नवी आयओएस आवृत्ती बसवावी, "शो आयपी एसएसएच" या आज्ञेने काय चालू आहे ते पाहावे, आवृत्ती २ ची सक्ती करावी आणि आरएसए की २०४८ बिटांची नव्याने तयार करावी. एके काळी बसवताना ५१२ किंवा ७६८ बिटांवर तयार केलेली की कित्येक ठिकाणी तशीच असते, आणि ओपनएसएसएच ७.६ पासून १०२४ बिटांपेक्षा लहान आरएसए की स्वीकारलीच जात नाही.

प्रश्न: आमच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात सर्व स्विचांचे कॉन्फिगरेशन रोज रात्री जतन करणारी शेल स्क्रिप्ट मी लिहिली आहे. ती हाताने चालवली की उत्तम चालते, क्रॉनमधून (ठरलेल्या वेळी कामे चालवणारी सेवा) चालवली की "होस्ट की व्हेरिफिकेशन फेल्ड" असे लॉगमध्ये येते. याशिवाय दर आठ-दहा दिवसांनी एखादा स्विच कोणालाच आत घेत नाही आणि तो रीबूट करावा लागतो. — एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर: हाताने स्क्रिप्ट चालवणारे आपण आणि रात्री ती चालवणारा क्रॉन हे सर्व्हरच्या दृष्टीने दोन वेगळे वापरकर्ते असू शकतात. आपण बहुधा ती रूटच्या क्रॉनटॅबमध्ये घातली आहे. आपण पहिल्यांदा स्विचवर गेलात तेव्हा त्याची ओळख स्वीकारायची का, असे विचारले गेले आणि आपण "यस" लिहिलेत. ती ओळख आपल्या नोन-होस्ट्स फाइलमध्ये नोंदली गेली, रूटच्या फाइलमध्ये नाही. क्रॉनपुढे पडदा आणि कीबोर्ड नसल्यामुळे तो प्रश्न विचारला जाऊ शकत नाही आणि लॉगिन तेथेच थांबते. आपल्या सत्रात एसएसएच-एजंटने उघडून ठेवलेली कीसुद्धा क्रॉनला मिळत नाही, त्यामुळे ओळखीचा प्रश्न सुटल्यावर पुढचा अडथळा हाच येईल.

ओळख तपासणेच बंद करण्याचा सल्ला आपल्याला सहज मिळेल. तो मानू नये. या कामासाठी सर्व्हरवर एक स्वतंत्र, साधा वापरकर्ता तयार करावा, त्याच्या नावाने एकदा सर्व स्विचांवर जाऊन ठसा (कीची छोटी खूण) पडताळून ओळख नोंदवावी आणि त्याच वापरकर्त्याच्या क्रॉनटॅबमध्ये स्क्रिप्ट ठेवावी. स्विचवर त्याला केवळ कॉन्फिगरेशन वाचण्याचा अधिकार द्यावा. स्क्रिप्टमध्ये "बॅचमोड" हा पर्याय चालू केला, तर उत्तराची वाट पाहत लटकण्याऐवजी ती लगेच अपयश नोंदवते. चाचणीही सुडो वापरून त्याच वापरकर्त्याच्या नावाने घ्यावी. आपल्या स्वतःच्या नावाने घेतलेली चाचणी येथे काहीच सिद्ध करत नाही. पुढे कधी स्क्रिप्ट सोडून पायथनमधील नेटमिकोकडे वळलात, तर हे ध्यानात असू द्यावे की ते पॅरामिको या स्वतंत्र ग्रंथालयावर चालते आणि आपण सांगितल्याखेरीज ओपनएसएसएचची कॉन्फिग फाइल वाचत नाही. वरच्या पत्रातील सूट तेथे आपोआप लागू होणार नाही.

रीबूटचे कारण वेगळे आहे. अनेक राउटरांवर मुळात पाचच व्हीटीवाय लाइनी असतात, शून्यापासून चारपर्यंत, तर स्विचांवर बहुधा सोळा. स्क्रिप्ट मध्येच मारली गेली किंवा वाटेतील फायरवॉल ती जोडणी विसरली, तर सर्व्हरच्या लेखी सत्र संपते, पण स्विचला ते कळत नाही आणि लाइन अडून राहते. मुलभूत मुदत १० मिनिटांची असल्याने एरवी ती आपोआप सुटते, परंतु कोणीतरी सोयीसाठी "एक्झेक-टाइमआउट" शून्य केला असेल, तर ती कायमची अडते. अशा रोज एक-दोन लाइनी अडल्या की आठवड्याभरात सगळ्या भरतात आणि नव्या माणसाला "कनेक्शन रिफ्यूज्ड" मिळते. त्या वेळी कन्सोल केबलने जोडून "शो यूझर्स" पाहावे आणि "क्लिअर लाइन" ने अडलेली सत्रे सोडवावीत. पूर्ण इमारतीचे नेटवर्क खाली घेणारा रीबूट यासाठी करू नये. नंतर टाइमआउट पूर्ववत करावा आणि स्विचवर येणाऱ्या जोडण्यांसाठी टीसीपी कीपअलाइव्ह चालू करावे.

प्रश्न: आमच्याकडे लॉगिनची तपासणी टॅकॅक्स प्लस सर्व्हर करतो. अडचणीच्या वेळेसाठी प्रत्येक राउटरवर एक स्थानिक वापरकर्ताही ठेवला आहे. गेल्या आठवड्यात राउटरचा अपलिंक (मुख्य नेटवर्ककडे जाणारी जोडणी) दुसऱ्या इंटरफेसवर हलवल्यापासून आमचा नेहमीचा पासवर्ड "परमिशन डिनाइड" होतो, आणि स्थानिक वापरकर्त्याचा, जो निश्चितपणे बरोबर आहे, तोही. — एक वाचक, पणजी

उत्तर: दुसऱ्या भागाचे उत्तर आधी देतो, कारण हा गैरसमज फार खोलवर रुजलेला आहे. लॉगिनच्या यादीत "आधी टॅकॅक्स, मग लोकल" असे लिहिले असले, तरी राउटर स्थानिक वापरकर्त्याकडे तेव्हाच वळतो, जेव्हा टॅकॅक्स सर्व्हरकडून उत्तरच येत नाही. सर्व्हरने "नाही" असे उत्तर दिले, तर तो निर्णय अंतिम असतो. आपला स्थानिक वापरकर्ता टॅकॅक्सच्या नोंदींत नाही, म्हणून सर्व्हर त्याला नाकारतो आणि राउटर पुढे विचारतच नाही. हे बरोबरच आहे. तसे नसते, तर केंद्राने काढून टाकलेला माणूस स्थानिक पासवर्डाने आत आला असता.

नेहमीचा पासवर्ड का चालत नाही, याचा धागा आपण दिलेल्या अपलिंकच्या माहितीत आहे. टॅकॅक्स सर्व्हर राउटरला त्याच्या आयपी पत्त्यावरून ओळखतो आणि त्या पत्त्याशी सामायिक गुप्त शब्द जोडलेला असतो. अपलिंक हलल्यावर राउटरची विनंती नव्या इंटरफेसच्या पत्त्यावरून निघू लागली असेल. तो पत्ता एखाद्या व्यापक नोंदीत बसत असेल आणि तिचे धोरण वेगळे असेल, तर नकार मिळतो. टॅकॅक्स सर्व्हरच्या लॉगमध्ये विनंती कोणत्या पत्त्यावरून आली हे पाहावे. तेथे काहीच दिसत नसेल, तर राउटरपासून सर्व्हरच्या टीसीपी ४९ पोर्टपर्यंतचा रस्ता तपासावा. उपाय म्हणून राउटरवर टॅकॅक्ससाठी स्रोत-इंटरफेस लूपबॅक (राउटरचा न हलणारा आभासी इंटरफेस) असा पक्का करावा, म्हणजे पुढे कोणतीही जोडणी हलली तरी त्याची ओळख बदलणार नाही.

एक सावधगिरी. पुन्हा पुन्हा प्रयत्न करून पाहू नये. राउटरवर "लॉगिन ब्लॉक-फॉर" लावले असेल, तर ठरावीक अपयशांनंतर तो काही काळ सर्वांनाच नाकारतो आणि मूळ दोषावर दुसरा दोष चढतो. जुना पासवर्ड घेऊन दर पाच मिनिटांनी धडकणारी एखादी विसरलेली स्क्रिप्टसुद्धा हेच घडवून आणते.

प्रश्न: मुख्य कार्यालयातील स्विचांवर लॉगिन होते. टनेलपलीकडील शाखेतील स्विचवर मात्र एसएसएच नुसते थांबून राहते, ना संदेश ना पासवर्डाची विचारणा. — एक वाचक, नाशिक

उत्तर: एसएसएचच्या आज्ञेत उणे चिन्हासह व्ही हे अक्षर तीनदा देऊन तपशील पाहावा. शेवटची ओळ की-एक्स्चेंजच्या उत्तराची वाट पाहत असल्याचे सांगत असेल, तर संशय पॅकेटच्या आकारावर घ्यावा. जोडणी करणारी सुरुवातीची पॅकेटे लहान असल्याने सुखरूप जातात. त्यानंतर दोन्ही बाजू आपापल्या पद्धतींची यादी पाठवतात, आणि ओपनएसएसएचची ती यादी एका पॅकेटच्या १५०० बाइटांच्या मर्यादेजवळ जाणारी असते. जीआरई टनेल (पॅकेट दुसऱ्या पॅकेटात घालून नेणारा मार्ग) स्वतःसाठी २४ बाइट घेतो, म्हणून आत १४७६ च उरतात, आणि त्यावर आयपीसेकचे गुप्तलेखन असेल तर आणखी कमी. मोठे पॅकेट मावत नाही हे राउटर आयसीएमपीने कळवतो, पण सुरक्षेच्या नावाखाली कोणी सगळे आयसीएमपी बंद केले असेल, तर ती सूचना सर्व्हरपर्यंत येतच नाही आणि तो तेच पॅकेट पुन्हा पुन्हा पाठवत राहतो.

तपासणी सोपी आहे. पॅकेट तोडू नये असा पर्याय देऊन १४७२ बाइटांचे पिंग करावे. शीर्षकांचे २८ मिळून ते १५०० होतात. ते गेले नाही, तर आकार कमी करत कोठे जाते ते पाहावे. दुसरी चाचणी म्हणजे एसएसएचला स्विचला येणारी एकच की-एक्स्चेंज पद्धत आणि एकच सायफर देऊन पाहणे. यादी लहान झाल्यावर संभाषण पुढे सरकले, तर निदान जवळजवळ पक्के. उपाय सर्व्हरवर करू नये. टनेलच्या इंटरफेसवर टीसीपीचा एमएसएस (एका पॅकेटातील मजकुराची कमाल मर्यादा) कमी करावा, १३६० हा आकडा बहुतेक ठिकाणी पुरतो, आणि "फ्रॅगमेंटेशन नीडेड" या आयसीएमपी संदेशाला फायरवॉलमधून वाट द्यावी.

प्रश्न: बिघडलेला स्विच बदलून त्याच पत्त्यावर नवा बसवला. आता सर्व्हर "रिमोट होस्ट आयडेंटिफिकेशन हॅज चेंज्ड" असा मोठा इशारा देऊन लॉगिनच करू देत नाही. नोन-होस्ट्स फाइल पुसून टाकली तर चालेल का? — एक वाचक, अकोला

उत्तर: संपूर्ण फाइल पुसू नये. तसे केल्यास बाकी सर्व उपकरणांची पडताळलेली ओळखही जाईल. एसएसएच-कीजेन या आज्ञेला उणे चिन्हासह मोठा आर आणि त्या स्विचचा पत्ता दिला, की तेवढीच नोंद निघते. नव्या स्विचची होस्ट की नवी असणारच, त्यामुळे इशारा अपेक्षित आहे. तरीही पुढच्या लॉगिनला "यस" लिहिण्यापूर्वी कन्सोलवरून स्विचची की पाहून घ्यावी आणि पडद्यावर आलेला ठसा तिचाच आहे याची खात्री करावी. स्विच बदललेला नसताना, त्याची की कोणी नव्याने तयार केलेली नसतानाही हा इशारा आला, तर पासवर्ड देऊ नये. आधी त्या आयपी पत्त्यावर दुसरेच एखादे यंत्र उत्तर देत आहे का, हे आयपी पत्त्यामागचे यंत्र दाखवणाऱ्या एआरपी टेबलमधील मॅक (हार्डवेअर) पत्त्यावरून शोधावे.